रक्ताच्या रिपोर्टातील किडनीचे आकडे कसे वाचावेत?



हंगाम संपला की गाळप किती झाले, उतारा किती बसला, बिलाचा हप्ता किती निघाला, हे आकडे आपण बारकाईने वाचता. पाव टक्का उतारा कमी आला तरी गट ऑफिसात येऊन विचारणा करता. ते योग्यच आहे. मालकाने आपले आकडे पाहिलेच पाहिजेत. पण स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट हातात आला की हाच चोखंदळ माणूस त्याची घडी करून पिशवीत टाकतो आणि "डॉक्टर काय म्हणाले?" एवढ्यावर विषय संपवतो.

हे लिहायला एक कारण घडले. मध्यंतरी एक ज्येष्ठ सभासद ऊस नोंदीच्या कामासाठी शेतकी ऑफिसात आले होते. नोंदीची पावती काढायला त्यांनी पिशवी उपडी केली, तर सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर त्यांच्या मंडळींचे तीन वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट बाहेर पडले. आम्ही सहज ते तारखेवार लावले. तीन रिपोर्ट, तीन वेगळ्या लॅबचे. क्रिएटिनिन पहिल्या वर्षी १.१, दुसऱ्या वर्षी १.४, तिसऱ्या वर्षी १.९.

"आण्णा, हे तिन्ही कागद एकत्र कुणाला दाखवलेत का?" आम्ही विचारले.

"नाही बुवा. ज्या वेळी जो कागद, तो त्या डॉक्टरला दाखवला. थोडं वाढलंय म्हणाले. आता वयोमानानं वाढायचंच की!"

"काकूंना औषध कसलं चालू आहे?"

"बी.पी.ची गोळी आहे, पण ती आठवण झाली की घेते. आणि गुडघ्यासाठी दुकानातनं आणतो ती गोळी. ती मात्र रोज. त्याशिवाय तिला उठवत नाही."

आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण चढता आकडा कळायला डॉक्टर व्हावे लागत नाही. आण्णांना त्याच आठवड्यात तालुक्याला आणि तेथून किडनीच्या डॉक्टरांकडे पाठविले. काकूंचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. आधी हे आकडे काय बोलतात ते समजून घेऊ.

किडनी म्हणजे आतला कारखाना

किडनीला आपण मूत्रपिंड म्हणतो. कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला, कण्याच्या दोहो अंगांना एकेक. आकाराने साधारण मुठीएवढी. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा रक्तात परत घेतला जातो आणि शेवटी दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते.

एवढेच काम नाही. रक्तदाब ताब्यात ठेवणे, रक्त तयार व्हावे म्हणून हाडातल्या मगजाला निरोप पाठविणे, हाडांसाठी ड जीवनसत्त्व कामाला लावणे, शरीरातले मीठ-पाणी आणि पोटॅशियम बेताने ठेवणे, ही कामेही तीच करते. म्हणून किडनी थकली की नुसती लघवी बिघडत नाही; बी.पी. चढते, रक्त कमी होते, हाडे दुखतात, पायांवर सूज येते.

अडचण अशी की किडनी बरीच बिघडेपर्यंत दुखत नाही, कुरकुरत नाही. निम्मी क्षमता गेली तरी माणूस शेतात जात असतो. तोवर तिची खबर फक्त दोन ठिकाणी मिळते : रक्ताच्या कागदावर आणि लघवीच्या कागदावर.

क्रिएटिनिन : यार्डात साठलेल्या गाड्या

रिपोर्टात सर्वांत आधी पाहायचा तो सिरम क्रिएटिनिनचा आकडा. आपले स्नायू रोज काम करतात आणि त्यातून क्रिएटिनिन नावाचा टाकाऊ पदार्थ तयार होतो. रोज जवळजवळ सारख्याच प्रमाणात. तो बाहेर टाकायचे काम किडनीचे.

आता आपला केन यार्ड डोळ्यांपुढे आणा. रोज ठरलेल्या गाड्या येतात, मिल ठरलेल्या वेगाने गाळते, यार्डात थोड्या गाड्या उभ्या असतात. मिलचा वेग कमी झाला, पण गाड्यांची आवक तीच राहिली, तर काय होते? यार्डात गाड्या साठतात. रक्तातले क्रिएटिनिन म्हणजे यार्डात साठलेल्या गाड्या. आकडा वाढला म्हणजे मिल मंदावली असा संशय घ्यायचा.

शंभर मिलिलिटर रक्तात पुरुषांचे साधारण ०.७ ते १.३ मिलिग्रॅम आणि स्त्रियांचे ०.६ ते १.१ मिलिग्रॅम असते. लॅबप्रमाणे यात थोडा फरक पडतो, म्हणून आकड्याशेजारी छापलेली त्या लॅबची मर्यादा पाहावी.

पण इथेच खरी मेख आहे. यार्ड मोकळा दिसला म्हणजे मिल जोरात आहे असे प्रत्येक वेळी नसते. आवकच कमी असेल तर मंद मिलचाही यार्ड मोकळाच दिसतो. वयस्कर, किरकोळ अंगाच्या माणसाचे स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन तयारच कमी होते. त्याच्या किडनीची ताकद बरीच घटलेली असूनही आकडा मर्यादेत किंवा जरासा वर दिसतो. उलट पिळदार अंगाच्या तरुणाचा आकडा थोडा जास्त असूनही किडनी ठणठणीत असू शकते. म्हणून नुसत्या क्रिएटिनिनवर थांबू नये.

ई-जी.एफ.आर. : खरी गाळप क्षमता

क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष, यांचे गणित मांडून किडनीची गाळप क्षमता काढतात. तिला ई-जी.एफ.आर. म्हणतात. किडनी दर मिनिटाला किती मिलिलिटर गाळते, ते सरासरी देहाच्या मापावर आणून सांगणारा हा आकडा. पुष्कळ लॅब तो रिपोर्टातच छापतात. छापला नसेल तर डॉक्टरांना काढून मागावा. क्रिएटिनिन आणि वय असले की मिनिटभराचे काम आहे.

सध्या प्रचलित असलेल्या २०२१ च्या सूत्राने आम्ही एक उदाहरण करून पाहिले. दोघांचेही क्रिएटिनिन १.२ धरले. एक ३० वर्षांचा तरुण, दुसऱ्या ६५ वर्षांच्या आजी. तरुणाची क्षमता येते ८३ आणि आजींची ५०! कागदावर आकडा एकच, पण एकाची मिल ठीक चालली आहे आणि दुसरीची थकली आहे.

ई-जी.एफ.आर. असा वाचावा :

९० व अधिक : क्षमता चांगली.
६० ते ८९ : किंचित कमी. लघवीतून प्रथिन जात नसेल व दुसरा काही बिघाड नसेल तर एवढ्यावरून आजार म्हणत नाहीत.
४५ ते ५९ : सौम्य ते मध्यम घट.
३० ते ४४ : मध्यम ते बरीच घट.
१५ ते २९ : फार घट. किडनीच्या डॉक्टरांची देखरेख हवीच.
१५ च्या खाली : किडनी जवळजवळ निकामी. डायलिसिस किंवा किडनी बसविणे यांचा विचार येथे होतो. तोही नुसत्या आकड्यावर नव्हे, रोग्याचा त्रास पाहून.

दुसरी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. क्रिएटिनिनचे सुरुवातीचे छोटे वाढणे मोठ्या नुकसानीचे असते. ५५ वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १ असेल तर क्षमता सुमारे ८९ येते. तेच २ झाले की ३९, आणि ४ झाले की १७. म्हणजे १ वरून २ वर जाताना ५० गेले, आणि २ वरून ४ वर जाताना २२. "एकच तर पॉइंट वाढलाय" म्हणून जो सोडून देतो, तो निम्म्याहून जास्त मिल घालवून बसलेला असतो.

युरिया : हाच तो पोत्यातला युरिया

ब्लड युरिया हे नाव वाचून पुष्कळांना वाटते की शेतातल्या खताचा अंश अंगात गेला. तसे नाही. रसायन मात्र तेच आहे. आपण खाल्लेल्या डाळी, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांचे पचन होऊन जो नत्राचा टाकाऊ भाग उरतो, त्याचा यकृत युरिया बनविते आणि किडनी तो बाहेर टाकते. शंभर मिलिलिटर रक्तात तो साधारण १५ ते ४० मिलिग्रॅम असतो.

काही लॅब युरियाऐवजी बी.यू.एन. लिहितात. हा युरियातला नुसता नत्र, म्हणून आकडा लहान असतो, साधारण ७ ते २०. बी.यू.एन. ला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. बी.यू.एन. १४ म्हणजे युरिया ३०. एका वर्षी युरिया ३० आणि पुढच्या वर्षी बी.यू.एन. १४ आले, तर "निम्मा झाला" म्हणून पेढे वाटू नयेत. आकडा तोच आहे.

युरिया किडनीशिवायही वर-खाली होतो. उन्हातान्हात पाणी कमी पडले, जुलाब-उलट्या झाल्या, पोटात रक्तस्राव झाला, मांसाहार जास्त झाला, तरी वाढतो. म्हणून युरिया हा साक्षीदार. मुख्य पुरावा क्रिएटिनिन आणि ई-जी.एफ.आर. हाच.

पोटॅशियम, सोडियम आणि हिमोग्लोबिन

पोटॅशियम ३.५ ते ५ असावे. किडनी थकली की ते साठते, आणि फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतते. ते ६ च्या वर आले तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटॅशियम वाढलेल्या माणसाला डॉक्टर नारळपाणी, केळी, फळांचे रस बेताने घ्यायला सांगतात. 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून जे मिळते त्यात बहुधा पोटॅशियमच घातलेले असते. किडनीच्या रोग्याने ते विचारल्याशिवाय वापरू नये.

सोडियम १३५ ते १४५ असते. हिमोग्लोबिन सावकाश उतरत चालले आणि सोबत क्रिएटिनिन चढत असेल, तर रक्त कमी होण्याचे मूळ किडनीत आहे का हे डॉक्टरांना विचारावे.

लघवीची तपासणी : बगॅसमधून जाणारी साखर

आपल्या कारखान्याची लॅब बगॅसमधून आणि मळीतून किती साखर वाया गेली ते रोज तपासते. मिल फिरते आहे म्हणजे सगळे ठीक, असे ती मानत नाही. किडनीचेही तसेच. चांगली गाळणी अल्ब्युमिन नावाचे प्रथिन रक्तातच ठेवते. गाळणी विरली की ते लघवीतून गळू लागते. आणि हे गळणे पुष्कळदा क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी सुरू होते, विशेषतः साखरेच्या आजारात.

म्हणून लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाणाची तपासणी रक्ताबरोबरच करावी. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू. ३०० च्या वर म्हणजे मोठी गळती. शक्यतो सकाळची पहिली लघवी द्यावी. अंगात ताप असताना, लघवीला जळजळ असताना किंवा पाळीच्या दिवसांत ही तपासणी करू नये. आकडा फसवा येतो.

एका रिपोर्टावर घाबरू नका, पण गप्पही बसू नका

एका गाडीच्या ब्रिक्सवरून हंगामाचा उतारा कोणी ठरवत नाही. तसेच एका रिपोर्टावरून किडनीचा जुनाट आजार ठरत नाही. क्षमता ६० च्या खाली किंवा लघवीतली गळती किमान तीन महिने टिकली, तरच त्याला जुनाट आजार म्हणतात. म्हणून डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात, ते पैसे काढण्यासाठी नव्हे.

मात्र चार-दोन दिवसांत आकडा झपाट्याने चढत असेल तर तीन महिने थांबायचे नाही. जोराचे जुलाब-उलट्या, लेप्टोचा ताप, घोणस चावणे, यांत किडनी एकाएकी बंद पडू शकते. उसाच्या फडात घोणस आपल्या ओळखीची आहे. चावल्यावर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता दवाखाना गाठला, लघवीवर आणि क्रिएटिनिनवर रोज लक्ष ठेवले, तर अशी एकाएकी बसलेली किडनी पुष्कळदा पुन्हा चालू होते.

तपासणीला जाताना

आदल्या रात्री मटणाचा बेत ठेवू नये. दिवसभर उन्हात ऊस तोडून तसेच लॅबमध्ये जाऊ नये. पाणी नेहमीसारखे पिऊन, विसावा घेऊन जावे. मुद्दाम लोटाभर पाणी पिऊन आकडा उतरविण्याचाही खटाटोप करू नये. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, दुकानातून आणलेल्यासुद्धा, डॉक्टरांना दाखवाव्यात. आणि होता होईल तो एकाच लॅबमध्ये तपासणी करावी.

किडनी कशाने जाते?

पहिले कारण मधुमेह, दुसरे वाढलेले बी.पी. हे दोन्ही न दुखता किडनी पोखरतात.

तिसरे आपल्या घराघरात आहे : अंगदुखीच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक, निमसुलाईड. चार दिवस डॉक्टरांच्या सांगण्याने घेणे वेगळे आणि दुकानातून आणून महिनोन्महिने घेणे वेगळे. त्यात ऊन, घाम आणि पाण्याची टंचाई मिळाली की किडनीवर दुहेरी मार बसतो. काय घातले आहे ते ठाऊक नसलेली भस्मे आणि पुड्याही यातच धरा.

चौथी गोष्ट ऊसवाल्यांनी नीट ऐकावी. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर, निकाराग्वा या देशांत ऊसतोडणी करणारे तरुण मजूर किडनीच्या आजाराने दगावू लागले. ना मधुमेह, ना बी.पी. एल साल्वाडोरमधील डॉक्टरांनी २००२ साली हे प्रसिद्ध केले. कारणांवर अजून वाद आहे. पण कडक उन्हातले अतिकष्ट आणि शरीरातले पाणी पुन्हापुन्हा आटणे याकडे तज्ज्ञांचे बोट आहे. तिकडे पाणी, विसावा आणि सावली हे तीन शब्द धरून मजुरांसाठी उपाय सुरू झाले. आपल्या फडातही कोयता चालतो तो उन्हातच. टोळीसाठी प्यायच्या पाण्याची टाकी, दुपारचा विसावा आणि सावलीला एक ताडपत्री, एवढे आपण ऊसमालक करू शकतो. तोडणीवाला आपल्या घरचा नसला तरी आपला ऊस त्याच्याच अंगावरून कारखान्यात येतो.

आकडा वाढलाच तर

गेलेली क्षमता बहुधा परत येत नाही, पण राहिलेली टिकविता येते. बी.पी. आणि साखर ताब्यात ठेवणे, मीठ, पापड, लोणचे कमी करणे, तंबाखू-विडी सोडणे, दुखण्याच्या गोळ्या बंद करणे, ही त्याची किल्ली. किडनी सांभाळणारी काही बी.पी.ची औषधे सुरू केल्यावर क्रिएटिनिन पहिल्यांदा थोडे वाढते. घाबरून ती आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी नवी औषधेही किडनीची घसरण मंदावतात. ती कोणाला चालतात हे डॉक्टरच ठरवितात. "किडनी साफ करणारे" म्हणून गावोगाव विकल्या जाणाऱ्या काढ्यांच्या मागे लागू नये.

आणि वेळ आलीच, तर जिल्हा रुग्णालयातून डायलिसिसची सोय व्हावी म्हणून केंद्राचा कार्यक्रम २०१६ पासून आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसते. रेशनकार्ड व आधार घेऊन योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. जमीन गहाण टाकण्याआधी ही चौकशी करावी.

काकूंचे काय झाले?

किडनीच्या डॉक्टरांनी तिन्ही रिपोर्टांचे गणित मांडले. काकूंचे वय ५८, ५९, ६०. क्षमता ५८ वरून ४३, आणि ४३ वरून ३०. दोन वर्षांत जवळजवळ निम्मी मिल गेली होती, आणि कागद पिशवीत होते. गुडघ्याची गोळी त्याच दिवशी बंद झाली. शेकणे, व्यायाम आणि डॉक्टरांनी नेमून दिलेले साधे औषध सुरू झाले. बी.पी.ची गोळी आता आण्णा स्वतः हातावर ठेवतात. वर्षानंतरचे क्रिएटिनिन १.७ आले, क्षमता ३४. गेलेले परत आले नाही, पण घसरण थांबली. "गुडघा दुखतो अजून," काकू म्हणाल्या, "पण आता दुखतोय तो गुडघाच आहे, एवढं तरी कळलं."

आण्णा मात्र आम्हाला म्हणाले, "उसाच्या पावत्या मी वीस वर्षांच्या लावून ठेवल्यात. हिचे तीन कागद लावले नाहीत."

म्हणून सभासदांना विनंती की आज घरी गेल्यावर एक साधी वही करावी. घरातल्या प्रत्येकाचे एक पान. त्यावर पाच रकाने : तारीख, क्रिएटिनिन, ई-जी.एफ.आर., लघवीतले अल्ब्युमिन, बी.पी. ज्यांना मधुमेह किंवा बी.पी. आहे, वारंवार मुतखडा होतो, घराण्यात किडनीचा आजार आहे, किंवा दुखण्याच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या आहेत, त्यांनी वर्षातून एकदा या तपासण्या कराव्यात आणि ही वही डॉक्टरांपुढे ठेवावी. आकड्याचा अर्थ डॉक्टर लावतील; आकडे एकाखाली एक मांडणे आपल्या हातात आहे.